धुलाई-यंत्र निवड समिती

१४ जानेवारी

आज जेवताना सूनबाई आपण होऊन बोलली. एरवी बेगिमाय माझ्यासमोर मान खाली घालून चहा ओतते आणि विचारलं तेवढंच सांगते. सुनेनं असंच असावं. आज म्हणाली, "बाबा, कपडे धुण्याचं नवीन यंत्र घ्यावं म्हणतोय आम्ही. आणि वाळवण्याचंही. एकावर एक बसतात ती."

यंत्र हवंय हे खरं. आमचं जुनं यंत्र कपडे पिळायला लागलं की न्हाणीभर चालत सुटतं, आणि उलकानला, म्हणजे माझ्या बायकोला, नाहीतर सूनबाईला त्याच्यावर जाऊन बसावं लागतं. वाळवण्याचं तर बोलायलाच नको. हिवाळ्यात अख्खं बिश्केक कोळसा जाळतं. सकाळी बाल्कनीत टाकलेला पांढरा शर्ट संध्याकाळी करडा होऊन आत येतो.

मी म्हणालो, "घेऊ. पण रीतसर." मी उभा जन्म सरकारी खरेदी विभागात काढला. माझ्या सहीशिवाय कुठल्या कचेरीत साधी बादली गेली नाही. "आणि घरात एक बादली आणली नाही," असं उलकान लगेच म्हणाली. त्याची नोंद घेतली नाही.

जागच्या जागी समिती नेमली. अध्यक्ष मी. सदस्य उलकान. सचिव आमचा धाकटा तिलेक. पैसे तोच देणार आहे. बेगिमाय निमंत्रित. तिला मत नाही, पण चहा तीच करणार असल्यामुळे हजर राहील.

मनातून फार बरं वाटलं. पोरं घरासाठी वस्तू घेतात, म्हणजे घर आपलं मानतात. थोरले दोघे वेगळे झाले, ते रीतीनंच झाले. पण धाकटा आई-बापाजवळ राहतो. घर त्याचं, म्हातारे त्याचे. आमच्या जुन्या कचेरीतल्या झापारसाहेबांचा धाकटा मॉस्कोला गेला, तेव्हापासून त्यांच्या घरची चूल विझली असं लोक म्हणतात. मागच्या शरद ऋतूत तिलेकनंही काहीतरी काढलं होतं. बेगिमायचा दातांचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, जाण्या-येण्यात जीव जातो, वगैरे. मी भिंतीकडे तोंड करून पडलो, जेवण सोडलं, आणि म्हणालो की असं काही झालं तर माझा आशीर्वाद मिळणार नाही. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. काही गोष्टी वेळेवर ठणकावून सांगितल्या की कायमच्या मिटतात.

१५ जानेवारी

पहिली बैठक. विषय: यंत्र कुठं ठेवायचं.

आमचं घर जुन्या बांधणीचं, तळमजल्यावर. न्हाणी एवढी मोठी की तिच्यात एक मेंढी सहज बांधता येईल. एकदा बांधलीही होती. मी म्हणालो, "दोन्ही यंत्रं शेजारी-शेजारी ठेवू. उतरंड कशाला रचायची?"

बेगिमाय म्हणाली, "नाही बाबा, एकावर एकच हवं. जागा एवढीशीच आहे." आणि तिनं दोन्ही हातांनी दाखवलं. कपाटाच्या एका फळीएवढी जागा!

"कुठं आहे एवढीशी?" मी विचारलं.

तिनं तिलेककडे बघितलं. तिलेक म्हणाला, "बाबा, पुढचा विचार करून म्हणतेय ती. मोकळी जागा राहिलेली बरी."

मग तिनं विचारलं, सांडपाण्याची नळी डावीकडून काढता येते का. आमच्याकडे ती उजवीकडे आहे. शिकलेली मुलगी, दात उपटायला मदत करते, आणि डावं-उजवं कळत नाही! मी माझा हात वर करून तिला समजावलं. "हे उजवं. हे डावं." ती खाली बघून म्हणाली, "चुकलं, बाबा." उलकानला त्याच वेळी जोराचा ठसका लागला.

देवा, हिच्या हाताखाली लोकांचे दात कसे वाचतात कोण जाणे.

१८ जानेवारी

आज चहाच्या वेळी बेगिमायचा आणखी एक प्रश्न: यंत्र फार हादरतं का, खालच्या लोकांना त्रास होईल का?

आम्ही तळमजल्यावर राहतो. आमच्याखाली तळघर, आणि तळघरात झोयाबाईंच्या लोणच्याच्या बरण्या. म्हाताऱ्या शेजारणीच्या काकड्यांची एवढी काळजी! मला भरून आलं. लगेच झोयाबाईंना जाऊन सांगितलं, की आमची सून तुमच्या बरण्यांसाठी झोपत नाहीये. त्या म्हणाल्या, "शेरगाजी, तुम्ही बसा जरा. पाणी देऊ का?"

२१ जानेवारी

दुकान-पाहणी. समिती पूर्ण संख्येनं हजर.

दुकानातली बाई पन्नाशीची, गळ्यात चष्मा. मी तिला ओळख करून दिली: माजी उपप्रमुख, खरेदी विभाग. ती म्हणाली, "वा. दार पुढून उघडणारं हवंय ना?" खरेदी विभागाचं नाव ऐकूनही तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दिवस बदलले.

तिथं यंत्रांच्या उतरंडी रांगेनं उभ्या होत्या. खाली धुणारं, वर वाळवणारं. मी हरकत घेतली. "आधी धुतात, मग वाळवतात. म्हणजे धुणारं ज्येष्ठ. मग ते खाली का?"

"काका, धुणारं जड असतं. वर ठेवलं तर सगळं तुमच्या अंगावर येईल."

मी विचार केला आणि पटलं. खालच्यानं घाम गाळायचा आणि वरच्यानं गरम हवा सोडायची, ही पद्धत आमच्या कचेरीतही वर्षानुवर्षं उत्तम चालली. तसं मी बोलून दाखवलं. दुकानातली बाई हसली, का ते कळलं नाही.

मग वाळवण्याच्या प्रकारांवर आली. एकाला गरम हवा बाहेर टाकायला भिंतीत भोक पाडावं लागतं. दुसरं कपड्यातलं पाणी आतल्या आत गोळा करतं. त्याचा खण काढून ओतून टाकायचं. तिसऱ्याला वीज कमी लागते, पण वेळ जास्त घेतं. बेगिमाय चटकन म्हणाली, "भोक नको. घरमालक..." आणि थांबली.

"घरमालक काय?" मी म्हणालो.

"घरमालक तुम्ही, बाबा. तुम्हाला भिंत फोडलेली आवडणार नाही."

किती समज आहे पोरीला! मी पाठीवर थाप मारणार होतो, पण सुनेला कशी मारणार, म्हणून तिलेकच्या मारली. तो दचकला.

नंतर बेगिमाय टाचा उंचावून वरच्या यंत्राची बटणं गाठता येतात का ते बघत होती आणि बघता बघता तिनं त्या बाईला विचारलं, "चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसली तर वर चढवून देता का?" बाई म्हणाली, देतो. मी मध्ये पडून खुलासा केला की आम्ही तळमजल्यावर राहतो, मुलीला नुसती चौकशीची हौस आहे. तिलेकचे कान लालबुंद झाले होते. फार उकडतंय म्हणाला. मला तर थंडी वाजत होती.

परत येताना गाडीत सगळ्यांनी खिडकीबाहेरच बघितलं. मोठ्या खरेदीच्या आधी असं होतंच.

२६ जानेवारी

बाहेरचा तज्ज्ञ म्हणून झापारसाहेबांना जेवायला बोलावलं. ते माझे वरिष्ठ होते, आता एकटेच असतात. त्यांच्याबरोबर जुन्या कचेरीतले आणखी चौघे आले. बेगिमाय दवाखान्यातून आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. मटण, हातानं कापलेल्या शेवया, कणकेचे तळलेले बोरसोक, सगळं तिनंच केलं. मग चहा. आपल्याकडे पाहुण्याचा कप अर्धाच भरायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. त्यात आदर असतो. मंडळींनी मनसोक्त आदर घेतला. ती उभीच होती.

शेवटी शेवटी तिनं झापारसाहेबांचा कप काठोकाठ भरला. भरलेला कप म्हणजे प्या आणि उठा! मी ओशाळलो. पण साहेबांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे, पोरी." आणि सगळ्यांना उठवलं.

तिचे हात मीही पाहिले. बोटांची पेरं फाटलीत. जेवताना पाहुण्यांसमोर अंथरायचे पांढरे कापडी दस्तरखान जुन्या यंत्रात फाटतात म्हणून मी ते हातानं धुवायला लावतो, त्यानं म्हणे. मलम लावत नसेल. आजकालच्या मुली स्वतःकडे बघत नाहीत.

जाताना दारात बूट घालता घालता साहेब म्हणाले, "शेरगाजी, माझा धाकटा जायच्या आधी त्यानं पहिलं काय विकत घेतलं माहीत आहे? पातेलं. लहानसं. दोघांपुरतं."

मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडे पातेली भरपूर आहेत."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. वय झालं त्यांचं. बोलता बोलता भरकटतात.

ता.क. बैठकीच्या खोलीत उलकानच्या माहेरची रंगीत पेटी आहे, तिच्यावर गाद्या-रजयांची थप्पी छतापर्यंत जाते. घरची शोभा ती. आज थप्पी बरीच खाली आलेली दिसली. विचारलं, तर म्हणाली, "कसर लागलीय. ऊन दाखवायला दिल्यात." या धुरात ऊन कुठं मिळालं तिला?

३० जानेवारी

आज निकाल दिला. रात्रंदिवस विचार करून मी ठरवलं: उतरंड नको. जर्मन बनावटीची दोन रुंद यंत्रं, शेजारी-शेजारी. आमच्या न्हाणीला तीच शोभतात. पाहुण्यांनाही दिसतील.

मतदान घेतलं. उलकान विरोधात, तिलेक विरोधात. मी बाजूनं. अध्यक्षाचं मत निर्णायक, हे मी समिती नेमतानाच ठरवलं होतं, फक्त सांगायचं राहिलं होतं. ठराव मंजूर.

बेगिमायनं ताट खाली ठेवलं आणि आत गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला, बराच वेळ. तिलेक तिच्यामागे गेला. मला वाटलं होतं, टाळ्या पडतील.

मग उलकान माझ्यासमोर येऊन बसली. कमरेवर हात. लग्नापासून मी हा पवित्रा ओळखतो.

"ती उतरंडच घ्यायची."

"कारण?"

"मी सांगते म्हणून."

"हे कारण इतिवृत्तात लिहिता येत नाही."

"मग हे लिहा," ती म्हणाली. "पोरगी तीन वर्षं माझ्या आधी उठते. तुमच्या मित्रांची उष्टी काढते. तुमचे ते मेले दस्तरखान बर्फाच्या पाण्यात घासते. एक वस्तू मागितली तिनं. एक! आणि तुम्ही तिथंही खुर्ची टाकून बसलात!"

मला इतका राग आला की मी जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो. उलकान असं कधी बोलत नाही. सूनबाईची बाजू घेऊन सासू नवऱ्याशी भांडते, हे कुठल्या घरात बघितलंय? आणि एवढ्याशा रुंदीच्या फरकासाठी! मला काहीतरी लपवतायत असं क्षणभर वाटून गेलं. पण काय लपवणार? घरात माझ्या नजरेआड काही होत नाही.

३ फेब्रुवारी

फेरविचार. उतरंड मंजूर केली. कोरियन जोडी, पाणी आतल्या आत गोळा करणारी. मोठ्या माणसानं मन मोठं करावं. तिलेकनं माझे दोन्ही हात धरले. डोळे भरले होते त्याचे. यंत्रासाठी!

मग मला कल्पना सुचली. वस्तू येईल त्या दिवशी वडीलधाऱ्यांना बोलवायचं, जेवण घालायचं, आणि अंगणात सगळ्यांसमोर हात उघडून आशीर्वाद द्यायचा. नवीन घोड्याला देतात, गाडीला देतात, मग यंत्राला का नको?

मला वाटलं उलकान नाक मुरडेल. तिचा चेहरा एकदम खुलला. "बोलवाच," म्हणाली. "व्याह्यांना बोलवा. झापारसाहेबांना बोलवा. जितकी जास्त माणसं तितकं बरं. आणि अहो, लोखंडाला काय आशीर्वाद देता? पोरांच्या संसाराला द्या. जिथं हे यंत्र उभं राहील त्या घराला द्या."

"तेच घर की हे," मी म्हणालो.

"तुम्ही आपलं म्हणा तसं. चार माणसांदेखत दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही, नाही का?"

"मला शिकवतेस? आशीर्वाद परत घेणाऱ्याचं तोंड कोण बघेल?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि मला बोरसोकवर जर्दाळूचा मुरंबा घालून दिला. मुरंबा ती पाहुण्यांसाठी ठेवते. इतकी गोड का झाली, या विचारानं मला नीट चावताही येईना.

८ फेब्रुवारी

सगळं लिहून काढतो. 

पाहुणे दुपारीच जमले. व्याही आले, त्यांनी मेंढी आणली. झापारसाहेब नवी टोपी घालून. झोयाबाईही आल्या, लोणच्याची बरणी घेऊन. गाडी अंगणात लागली आणि मी सगळ्यांना बाहेर काढलं. दोन उंच खोकी, दोऱ्यांनी बांधलेली. ड्रायव्हरला म्हणालो, "थांब. आधी आशीर्वाद, मग उतरवायचं." तो म्हणाला, "काका, उतरवायचं कशाला?" मला वाटलं त्याला आमची पद्धत माहीत नाही. 

सगळे गोल उभे राहिले. मी तळवे उघडून चेहऱ्यासमोर धरले. सगळ्यांनी धरले. मी घसा साफ केला. तेवढ्यात तो ड्रायव्हर बेगिमायला हळूच विचारतो, आणि अशा शांततेत हळू कसलं, सगळ्यांनी ऐकलं: "ताई, चौथा मजला ना? जिना अरुंद आहे का हो तुमचा?"

मी गाडीकडे बघितलं. खोक्यांच्या मागे, मला न कळत आधीच चढवलेल्या, उलकानच्या माहेरच्या गाद्या होत्या. तिलेकची सायकल होती. बेगिमायची शिवणाची टोपली, त्यांच्या खोलीतला दिवा, आणि एक पातेलं. लहानसं.

तेव्हा कळलं. डावीकडची नळी, घरमालक, जिना, सगळं एकदम अंगावर आलं. मला वाटलं, आत्ता हात खाली घ्यावेत, आत जावं आणि भिंतीकडे तोंड करून पडावं, मरेपर्यंत. माझा धाकटा! मी जिवंत असताना! आणि मीच मेजवानी घातली, मीच माणसं जमवली. उलकानकडे बघितलं. तिनं डोळे मिटलेले नव्हते. सरळ माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिचाही धाकटाच तो.

 हात उघडे धरून सगळे थंडीत उभे. तिलेक पांढराफटक. व्याही जमिनीकडे बघतायत. समोर बेगिमायचे तळवे होते, लहान, पेरं फाटलेले, आणि ते कापत होते. मला वाटलं, ही मुलगी मला घाबरते. आदर करते असं मी समजत होतो. ती घाबरते.

झापारसाहेब माझ्याशेजारी होते. ओठ न हलवता म्हणाले, "माझ्या धाकट्याच्या वेळी मी हात खाली घेतले होते, शेरगाजी. त्याला आता बारा वर्षं झाली. तू घेऊ नकोस."

मी तळवे पुन्हा नीट धरले.  मग म्हणालो:

"जिथं हे यंत्र उभं राहील, त्या घराची चूल धगधगती राहो. त्या घराचं दार पाहुण्याला उघडं राहो, पण पाहुण्यानं तिथं फार वेळ बसू नये. घरात लेकरं होवोत, त्यांचे कपडे रोज मळोत. चौथा मजला आहे, तर चढणाऱ्याचे गुडघे शाबूत राहोत, माझे सुद्धा. जा. सुखानं राहा. आमीन."

"आमीन," सगळे म्हणाले आणि हात चेहऱ्यावरून फिरवले. तिलेक माझ्या गळ्यात पडला, लहान मुलासारखा हुंदके देत. "बाबा, सांगायचं होतं, धीर झाला नाही." बेगिमाय तीनदा वाकली. 

जेवताना मी सगळ्यांना सांगितलं की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पोरांची गंमत बघत होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. झोयाबाई म्हणाल्या, "तरी मला वाटलंच." मोठ्या मनाची बाई.

पाहुणे गेल्यावर उलकाननं विचारलं, "खरंच माहीत होतं तुम्हाला?"

"मी काय मूर्ख आहे?" मी म्हणालो.

माहीत नव्हतं. इथं तरी खरं लिहितो. काडीचंही माहीत नव्हतं.

१० फेब्रुवारी

उलकानशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. दुपारपर्यंत पाळलं. तिच्या लक्षातच आलं नाही, मग सोडून दिलं.

त्यांच्या खोलीचं दार उघडं आहे. मी दोनदा लावलं. दोन्ही वेळा पुन्हा जाऊन उघडलं.

१३ फेब्रुवारी

आज रविवार. जेवण झाल्यावर तिलेकचा फोन आला. यंत्र बसवलं, दोन्ही यंत्रांमधली जोडपट्टी घट्ट केली, पाणी जोडलं, सगळं व्यवस्थित. "आत्ता पहिल्यांदाच कपडे टाकलेत त्यात, बाबा."

मी म्हणालो, "फोन यंत्राजवळ धर."

"कशाला?"

"समिती अजून बरखास्त झालेली नाही. हादरतं का ते मला ऐकायचंय."

त्यानं धरला. मी खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलो, उलकान विणकाम घेऊन बाजूला. आधी पाण्याचा आवाज आला, मग आत कपडे थपथप पडायला लागले. चांगलं काम करत होतं. घाई नाही, आरडाओरडा नाही. मी उलकानला खूण केली की आवाज ठीक आहे.

मग पिळायची वेळ झाली. घरघर वाढत गेली. आणि तिच्यात मला दुसराच आवाज ऐकू आला. कुणीतरी हसत होतं. मोठ्यानं, पोट धरून हसावं तसं, मध्येच श्वास लागत होता, पुन्हा सुरू. असं हसणं मी आमच्या घरात ऐकलेलं नाही.

मी ओरडलो, "तिलेक! टीव्ही बंद कर, मला यंत्र ऐकू येत नाही!"

"टीव्ही नाही बाबा," तो म्हणाला. "यंत्र एवढं शांत उभं आहे ना, आणि ही मात्र आपल्याकडच्या सवयीनं स्टुलावर चढून वरचं यंत्र गच्च धरून उभी आहे. मी तिला चिडवलं. बेगिमाय हसतेय."

 तीन वर्षं ती आमच्याकडे होती.

"बाबा? आहात ना? सांगू का तिला गप्प बसायला?"

"नको," मी म्हणालो. "फोन तिथंच राहू दे."